घरचीच पट्टी

तंतू घालून बनवलेली सिरॅमिकची पट्टी भट्टीत लालबुंद झाली आणि दाब पडताच तिचे थर एकमेकांवरून सरकले. चाचणी घेणारीला त्याचं नवल नव्हतं. पण पट्टी दाजींच्या, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या कारखान्यातली होती, आणि दाजी शेजारीच दात कोरत बसले होते.

"थंड असताना टिकली ना? तोच आकडा लिही. आपण घरचीच माणसं."

"ही विमानाच्या इंजिनात बसणार आहे, दाजी."

"मग? विमानात आपलं कोण बसणार आहे?"

ते खो-खो हसले. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने 'नापास' असा अहवाल पाठवून दिला.

संध्याकाळी ताईने फोनवर वाट्टेल ते सुनावलं. ते बोलणं तिने झटकून टाकलं, पण दाजींचं ते ओशट हसू काही अंगावरून जाईना.