हळदीकुंकवाखालची चार कोरी पानं

मित्रांनो, माझ्या पाचव्या पानावर तेलाचा एक डाग आहे, चांगला अंगठ्याएवढा. कुणी म्हणेल, पुस्तक खराब केलं. म्हणू द्या! मिरवावं असं माझ्याजवळ काही असेल तर तो तेवढा डागच आहे. तो पडायला दीड वर्ष लागलं आणि मधल्या काळात एका घराचा जीव टांगणीला लागला होता.

मी एका पांढऱ्या मोटारीची सर्व्हिस पुस्तिका. छापखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या हजारभर बहिणी गठ्ठ्यात होत्या. अर्धं अंग इंग्रजी, अर्धं मराठी. पुढच्या पानांवर रिकामे चौकोन होते, पानाला एक. दर दहा हजार किलोमीटरला कुणीतरी तारीख घालावी, कोणतं तेल ओतलं ते लिहावं, सही करून शिक्का मारावा, यासाठी ते चौकोन. मागच्या पानांवर बारीक अक्षरांत वॉरंटीच्या अटी. जन्माला आले ती एवढ्या एका कामासाठी, आणि तेच काम मला कुणी करू दिलं नाही!

गाडी घेतली शेंद्र्याच्या तात्यासाहेबांनी, सुनेसाठी. सून मोनिका सिल्लोडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सकाळी आठला तिथं माणसं उपाशीपोटी येऊन बसतात. त्यांत म्हातारी असतात, साखरेचे पेशंट असतात, पोटुशा बाया असतात. मोनिकाची बस चुकली की ती सगळी तशीच ताटकळायची. एकदा एक आजी रांगेतच चक्कर येऊन पडली. त्या दिवशी मोनिका घरी येऊन जेवली नाही. नवरा सत्यम शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, तो तरी तिला रोज कुठून सोडणार? तात्यासाहेब तिसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन गाडी ठरवून आले. असा भला माणूस.

पण भल्या माणसालाही खोड असते. तात्यासाहेबांची खोड म्हणजे कागद. सातबारा, फेरफार, खरेदीखत, सगळं लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. गाडी दारात आली, चाकाखाली लिंबं फुटली, मोनिकाच्या सासूबाई सारजाबाईंनी ओवाळलं, आणि तात्यासाहेबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून मला उचललं.

"कागद गाडीत ठेवत असतेत व्हय? उद्या चोरानं गाडी नेली तर कागदासकट नेईल की!"

झालं. माझी रवानगी देव्हाऱ्यात. आता खरं सांगते, सुरुवातीला मला ते आवडलं. कोणत्या पुस्तिकेच्या नशिबी रोज उदबत्ती असते? दसऱ्याला सारजाबाईंनी मला उघडलं आणि पहिल्याच रिकाम्या चौकोनात कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. पाडव्याला हळद, लक्ष्मीपूजनाला अक्षता. माझ्या पानांत तांदूळ अडकले, मुंग्या फिरल्या. मी मात्र वाट बघत होते, आज कुणी शिक्का घेऊन येईल, उद्या येईल. बाहेर गाडी रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर पळत होती आणि इकडे मी फुलं वाहून घेत होते.

गाडीची पहिली तपासणी शोरूममध्ये झाली, ती त्यांच्या संगणकात गेली. पुढच्या वेळी शोरूमवाले म्हणाले, गाडी सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. म्हणजे मोनिकाची अख्खी रजा. इतकी धाव असलेल्या गाडीला दर तीन-चार महिन्यांनी सर्व्हिसिंग लागणार, एवढ्या रजा आणायच्या कुठून? मग तिला कुणीतरी जालना रोडवरच्या शिवशंकरचं गॅरेज सांगितलं. शिवशंकर हा मुंजाबा मेंढपाळाचा मुलगा. दहा वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये राबून त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं होतं. रविवारी गाडी घेणार, दोन तासांत डोळ्यांसमोर काम करून देणार, तेल तेच जे कंपनीनं सांगितलंय, फिल्टर कंपनीचाच. गिऱ्हाइकाला आणखी काय पाहिजे?

मोनिकानं घरी एवढंच सांगितलं, "सर्व्हिसिंग झाली." कुठं झाली ते सांगितलं नाही. बाहेरच्या गॅरेजचं नाव काढलं की तात्यासाहेब नको म्हणतील, ही तिला धास्ती. शिवशंकर दर वेळी म्हणायचा, "ताई, पुस्तिका घेऊन या, लिहून देतो." आणि ती म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की." मला मागायचं तर देव्हारा उघडायला लागणार, आणि देव्हारा उघडला की प्रश्न येणार. अशा चार सर्व्हिसिंग झाल्या. दहा हजार, वीस, तीस, चाळीस हजार. माझे चार चौकोन कोरेच राहिले.

मग एके दिवशी फुलंब्रीच्या पुढं गाडीचं स्टेअरिंग जड झालं. आतली विजेची मोटर, जी चाक वळवायला मदत करते, ती बसली. मोनिकानं कशीबशी दोन्ही हातांनी ओढून गाडी परत आणली. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेली तर काउंटरवरच्या माणसानं संगणकात बघून विचारलं, "मधल्या सर्व्हिसिंग कुठं केल्या?"

"बाहेर."

"मग वॉरंटी विसरा, मॅडम."

संध्याकाळी तिनं सगळं सांगून टाकलं. मी कप्प्यातून ऐकत होते. तात्यासाहेबांचा आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"गाडी बाहेर दाखवली त्याचं नाय मला काही. पण मला सांगितलं का नाय, पोरी?"

"तुम्ही नको म्हणाला असता, तात्या."

"म्हणालो असतो. मग भांडायचं की! वर्षभर आम्हाला अंधारात ठेवलं." मग ते म्हणाले, "दसऱ्याच्या आत गाडी विकून टाकू. नोकरी इथंच कुठं जवळ बघ."

सिल्लोडला सकाळी आठला बसणारी माणसं मोनिकाच्या डोळ्यांपुढं आली असणार. सारजाबाई पदराला हात पुसत मध्येच उभ्या होत्या. इकडं सून, तिकडं धनी. बिचाऱ्या बाजू घेणार कुणाची?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिवशंकर उभा. मोनिकानं फोनवर सांगितलेलं ऐकून तो आपणहून आला होता. आपल्या गॅरेजच्या नावावर हा बट्टा नको, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"तात्यासाहेब, पुस्तिका कुठंय? त्यात अटी लिहिलेल्या असत्यात. मला बघू द्या."

तात्यासाहेबांनी हातपाय धुतले, लाल फडकं सोडलं आणि मला काढलं. शिवशंकरनं मला आधी कपाळाला लावलं, मग उघडलं. स्वस्तिक, हळद, अक्षता, दोन वाळलेली झेंडूची फुलं. नोंदीच्या नावानं चारही चौकोन कोरे!

"देवाऽऽ," तो म्हणाला. "हिच्यावर हळदीकुंकू लई झालं, तात्यासाहेब. तेलाचा हात मात्र एकदाबी नाय लागला."

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. इतके दिवस पूजा घेतली आणि कामाच्या वेळी पोट रिकामं.

तात्यासाहेब ओशाळले. पण ज्यानं जन्मभर सातबाऱ्याच्या ओळी वाचल्या, तो माणूस बारीक अक्षराला भीत नसतो. त्यांनी चष्मा लावला, मागची पानं काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"गाडीची देखभाल अन्य गॅरेजमध्ये केली, केवळ या कारणाने वॉरंटी रद्द होणार नाही." ते थांबले. पुन्हा वाचलं. "अशा कामामुळे झालेला बिघाड मात्र वॉरंटीत येणार नाही. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या दर्जाचे तेल व भाग वापरल्याचा पुरावा मालकाने ठेवावा."

"म्हणजे वॉरंटी जिवंत आहे?" मोनिकानं विचारलं.

"जिवंत आहे, पण पुरावा मागती." तात्यासाहेबांनी शिवशंकरकडं बघितलं. "पावत्या?"

शिवशंकरनं मान खाली घातली. पावत्या होत्या, पण त्यावर त्यानं नुसतं 'सर्व्हिसिंग' लिहिलं होतं. ना तेलाची जात, ना किलोमीटर.

तात्यासाहेबांना एकदम कल्पना सुचली. "मग आता मार की चार शिक्के. एका बैठकीत होतंय. तारखा मोनिका सांगती."

शिक्क्यांची हौस मलाही होतीच! पण शिवशंकरनं मला मिटून खाली ठेवलं.

"नाय तात्यासाहेब. काम मी त्या त्या दिवशी केलं, ते खरं. पण आज बसून मागच्या तारखांची सही ठोकली तर माझं खरं कामबी खोटं होईल." मग म्हणाला, "पण एक आहे माझ्याकडं. आमच्या बापाची खोड."

त्याचा बाप, मुंजाबा, मेंढराची लोकर कातरली की लगेच पाठीवर गेरूचं बोट ओढायचा. कोणतं झालं, कोणतं राहिलं, कळपात घोळ नको. शिवशंकरनं ती खोड गॅरेजात आणली होती. नवा फिल्टर बसवला की त्याचं रिकामं खोकं फेकायचं नाही. गेरूच्या रंगानं त्यावर तारीख, गाडीचा नंबर आणि मीटरचा आकडा लिहायचा, तेलाच्या डब्याचं लेबल आत ठेवायचं, आणि खोकं तारेला टांगायचं. वॉरंटी संपेपर्यंत ते लटकलेलं. शेजारचे गॅरेजवाले हसायचे त्याला, म्हणायचे, याच्या दुकानात खोकी वाळत घातलीत.

त्या तारेवर मोनिकाच्या गाडीची चार खोकी होती. चारही.

शोरूममध्ये आम्ही सगळेच गेलो. मी लाल फडक्यात, तात्यासाहेबांच्या काखेत; चारही खोकी शिवशंकरच्या हातात. वरच्या साहेबाचं नाव ऋतुराज. तरणाताठा, पण उद्धट नव्हता. त्याला शिकवले तसे नियम सांगत होता इतकंच.

"आजोबा, बाहेर सर्व्हिसिंग झाली की आम्ही घेत नाही."

"साहेब, ही तुमच्याच घरची पोथी आहे. वाचा की," म्हणत तात्यासाहेबांनी मला टेबलावर ठेवलं. मी उघडले आणि हळदीची पूड त्याच्या पांढऱ्या बाहीवर उडाली. ऋतुराज हसला नाही. त्यानं बाही झटकली आणि वाचलं, मग पुन्हा वाचलं. मला वाटतं, माझी मागची पानं त्यानंही पहिल्यांदाच वाचली असावीत.

तात्यासाहेब म्हणाले, "नाय म्हणायचं असेल तर लेखी द्या. इंजिनातलं तेल बदलल्यानं स्टेअरिंगची मोटर कशी जळती, तेवढं लिहा. मी सही करून घेतो."

एकेक खोकं हातात घेऊन ऋतुराजनं नंबर ताडून बघितला, तेलाची लेबलं वाचली, मीटरचे आकडे संगणकातल्या पहिल्या नोंदीशी लावून बघितले. मग शिवशंकरला विचारलं, "हे असं तुम्ही सगळ्यांचंच ठेवता?"

"व्हय साहेब. कातरलेलं मेंढरू ओळखू यायला पाहिजे."

"गाडी आत घेतो," ऋतुराज म्हणाला. "पण मंजुरी कंपनीची. मी शब्द देत नाही."

पाच दिवस लागले. पाचही दिवस मोनिका पहाटेच्या एसटीनं गेली. एकदा बस बंद पडली आणि सिल्लोडला माणसं दहापर्यंत उपाशी बसली. त्या संध्याकाळी तात्यासाहेबांनी गाडी विकायचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट सारजाबाईंना म्हणाले, "चूक तिची एकटीची नाय. ती पोथी मीच कोंडून ठेवली होती."

सहाव्या दिवशी फोन आला. मोटर आतून सदोष होती, वॉरंटीत बदलून मिळणार. मोनिका अंगणात उभी होती तिथंच खाली बसली आणि रडली. सारजाबाईंनी तिला जवळ घेतलं. घर दोन दिवस गोड जेवलं.

मित्रांनो, माझ्या सगळ्याच बहिणींच्या पोटात हेच लिहिलेलं असतं असं मी म्हणत नाही. कंपनी वेगळी, तर अटी वेगळ्या. म्हणून आपापल्या घरातली काढा आणि मागची पानं वाचा, बिघाड होण्याआधी वाचा. गॅरेज कोणतंही निवडा, पण तेल आणि भाग सांगितलेलेच टाका, आणि पावतीवर किलोमीटरसकट सगळं लिहून घ्या. आणि घरच्यांपासून लपवू नका हो. लपवलं की मी कप्प्यातच राहते.

पन्नास हजाराच्या सर्व्हिसिंगला तात्यासाहेब स्वतः मला घेऊन गॅरेजात आले. शिवशंकरनं गाडीखालून बाहेर येऊन हात पुसले, पण पूर्ण पुसले नाहीत. पाचव्या चौकोनात तारीख घातली, तेल लिहिलं, शिक्का मारला, आणि पान दाबताना त्याचा अंगठा उमटला.

"अरे अरे, डाग पडला," शिवशंकर म्हणाला.

"पडू दे," तात्यासाहेब म्हणाले.

आधीचे चार चौकोन कोरेच आहेत. शिवशंकरनं ते भरले नाहीत, मोनिकानंही नाहीत. यंदाच्या दसऱ्याला सारजाबाई कुंकवाची वाटी घेऊन गाडीपाशी आल्या. मी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात राहते. त्यांनी मला उघडलं, पाचवं पान बघितलं, आणि हात मागं घेतला.

"मोने, आता हिला कुंकू कुठं लावू गं?"

"वरच्या पुठ्ठ्याला लावा, आई. आतली पानं शिवशंकरभाऊंची."

सारजाबाईंनी पुठ्ठ्याला एक बोट लावलं. मोनिकानं मला कप्प्यात सरकवलं, गाडी सुरू केली, आणि आम्ही सिल्लोडच्या रस्त्याला लागलो. आठ वाजायला अजून अवकाश होता.