फणसाच्या लाकडाचा डाव

मी एक जुना लाकडी डाव आहे, मित्रांनो. पण माझ्या पाठीला खिरीचा नाही, शाईचा वास येतो. ब्राझीलमधल्या काशोएरा गावी, नदीकाठच्या गल्लीत, एका सुताराने परसातल्या फणसाच्या फांदीतून मला कोरलं. संत जॉनच्या सणाला मक्याची खीर ढवळायची, एवढंच माझं काम ठरलं होतं.

त्याची थोरली मुलगी जासिरा. बापाच्या फळकुटांवर ती चित्रं कोरायची. एकदा तिने कोरलेल्या फळीला शाई लावली, वर कागद अंथरला आणि दाबायला काही मिळेना म्हणून चुलीजवळून मला उचललं. माझ्या पाठीने कागद गोल गोल घासला. उचलून पाहिलं तर नदी, नाव आणि नावेत बसलेली बकरी उमटली होती.

"खिरीला आता शाईची चव येणार," आई म्हणाली.

"येऊ दे की. बकरी तर बघ, अगदी मामासारखी," धाकटी नाइर म्हणाली.

आईला हसू आलं, आणि मी स्वयंपाकघरातून सुटलो.

त्याच वर्षी नदी चढली. आईने मरियामातेला नवस बोलला, की पाणी उंबऱ्यावरून परतलं तर गल्लीतल्या एकोणीसही दारांना जासिराने कोरलेली मातेची तसबीर देऊ, आमच्याच घरच्या हातांनी छापून. पाणी परतलं. जासिरा मात्र चित्रकला शिकायला साओ पाउलोला निघून गेली. मला घेऊन.

तिथे तिच्या ठशांवर मी पुष्कळ वर्षं राबलो. तिच्या अंगठ्याने माझ्या दांड्याला खळगा पडला, पाठ गुळगुळीत झाली. तिच्या ठशांतल्या धोबिणी, नावाडी सगळ्यांना फार आवडले. पुढे ती मोठमोठी रंगीत चित्रं काढू लागली. बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आले. छपाईला लोखंडी यंत्र आलं आणि मला तिने जुन्या ब्रशांच्या बरणीत उभं केलं. बावीस वर्षं. पाहुणे यायचे, यंत्राला हात लावून बघायचे. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला नाही झाली.

म्हातारपणी हात थरथरू लागले तेव्हा जासिरा गावी परतली. यंत्र मागे राहिलं, मी आलो. आई केव्हाच गेली होती. नवस तसाच होता. तो फेडल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, एवढंच तिच्या मनात. तीन महिने खपून तिने मातेची फळी कोरली. सणाला पंधरा दिवस उरले असताना नाइरची नजर माझ्यावर पडली. किती हा मळ, म्हणून तिने मला साबणाच्या पाण्यात उकळलं, खसाखसा घासलं, उन्हात ठेवलं.

मित्रांनो, ठसे काढणारी माणसं आपला डाव कधी धूत नाहीत. मेण लावून पुसतात, बस. माझ्या लाकडाचे तंतू उभे राहिले. पहिलाच कागद मी टरकन फाडला.

जासिराने फाटका कागद नाइरसमोर धरला.

"डाव म्हटलं की धुवायचा, ताई. मला दुसरं काय ठाऊक?"

"माझं तोंड हाती लागलं असतं, तर तेही उकळलं असतंस."

"उकळलं असतं. जीभ तरी मऊ झाली असती."

त्या संध्याकाळपासून नाइर जपमाळ घेऊन बसली की मला मांडीवर घ्यायची. एका मण्याला एक प्रार्थना, आणि माझ्या पाठीवर मेणाचा एक फेरा. अकराव्या दिवशी मी कागदावरून अलगद सरकलो. पण आता जासिराच्या हातालाच बळ नव्हतं. चौथ्या फेऱ्याला तो थांबला. तिने मला बहिणीच्या हाती दिलं.

"मला नाही जमायचं, ताई. फाटला तर?"

"सणाची खीर ढवळतेस ना? तशीच ढवळ. खाली लागू द्यायची नाही, एवढंच."

नाइरने ढवळलं. एकोणीस तसबिरी उमटल्या. सणाच्या सकाळी दोघी दारोदार गेल्या. नाइर तसबीर द्यायची, जासिरा काठीला टेकून हात जोडायची.

नाताळाआधी जासिरा गेली. शहरातून संग्रहालयाची माणसं आली. फळी नेली, पटाशा नेल्या, तिचा चष्मासुद्धा नेला. मी चुलीवरच्या खिळ्याला होतो. त्यांना वाटलं, खिरीचा डाव.

आता मला खीर नाही, कागदही नाही. मित्रांनो, कुणाच्या हाताने झिजलेली वस्तू दिसली, तर ती धुण्याआधी, टाकण्याआधी विचारा, हा हात कुणाचा. नाइर आजही रोज जपाला मला मांडीवर घेते, मेण लावते. दांड्यावरचा खळगा मात्र मोकळा ठेवते. आपला अंगठा ती त्याच्या शेजारी टेकवते.