ज्या दुपारी माझा आवाज गेला

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. इंदूर शहरातल्या ‘जुनी इंदूर’ भागात, एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर मी राहतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर हसाल. माझा डबा पिवळा पडला आहे आणि सुरू होताना मी दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण आज मी तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भीतीच्या दुपारची हकीकत सांगणार आहे.

एका दुकानदाराने सुटे भाग जोडून मला तयार केलं. इरावती तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. तिला जन्मापासून दिसत नाही, म्हणून माझ्यात एक सॉफ्टवेअर घातलं. ते पडद्यावरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचतं. माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण तिला तो आवडायचा. ‘हा आमचा पोपट’ असं ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तिला लागणारी कितीतरी पुस्तकं मला वाचता यायची नाहीत, कारण ती कागदावर होती. ती तिचे बाबा, श्रीरामराव, वाचायचे. ते शाळेत इतिहास शिकवत. संध्याकाळी शाळेतून आले की माझ्यासमोर माइक घेऊन बसायचे आणि मी त्यांचं वाचन जपून ठेवायचो. मध्येच त्यांचा खोकला यायचा, मध्येच ‘इरा, हा लेखक उगाच पाल्हाळ लावतोय’ असा शेरा यायचा. तेही सगळं माझ्यात राहिलं. इरावती एम. ए. झाली, घरबसल्या भाषांतराची कामं करू लागली, ती त्याच वाचनाच्या बळावर.

मग श्रीरामरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. मोबाइलच्या बारीक कळा त्यांना जमेनात. मुलीशी बोलायचं तर ते तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं लिहू लागले, तीही अगदी गरजेपुरती. त्यांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या डिस्कवर. ‘याची कॉपी करून ठेवायला हवी’ असं इरावती दर दिवाळीत म्हणायची आणि राहून जायचं.

पुढे माझी ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली. वाचून दाखवणारं नवं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेना. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात लॅब सांभाळणारे सुशांत ओळखीचे होते. ते पेनड्राइव्हवर नवी सिस्टिम घेऊन आले.

“फाइली जशाच्या तशा राहतील ना?” इरावतीने विचारलं.

“ताई, फिकर नका करू. सब रहेगा,” ते म्हणाले. त्यांनी काम सुरू करून दिलं आणि कॉलेजातून बोलावणं आलं म्हणून निघाले. जाताना सांगून गेले, “काही विचारलं तर एंटर दाबत जा. हो जाएगा.”

पण तसं झालं नाही. काम अर्ध्यावर आलं आणि मी बंद पडलो. पुन्हा सुरू झालो, पुन्हा बंद पडलो. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, ‘फाइल वाचता आली नाही.’ ती मला मोठ्याने वाचता येईनात. माझा आवाज त्या अर्धवट कामात कुठेतरी गेला होता. इरावती माझ्यासमोर कान देऊन बसली होती आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. तिने अक्षरं वाचून दाखवणारा मोबाइल माझ्यासमोर धरून पाहिला, पण माझ्या चकाकत्या पडद्यावरची अक्षरं त्याला लागेनात.

तिने सुशांतना फोन लावला. ते म्हणाले, “मग ताई, नए सिरे से टाकावं लागेल. बंद करून चालू करा, आणि एंटर, एंटर, एंटर.”

तिने मला बंद करून चालू केलं आणि एक एंटर दाबलं. मग दुसरं. पडद्यावर नवा मजकूर आला. ‘या डिस्कवरची सगळी माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?’

मित्रांनो, तेव्हा मी जितका घाबरलो तितका पुन्हा कधी घाबरलो नाही. तिचं बोट कळेवर टेकलं होतं. मला थांबवता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

श्रीरामराव मागून चष्मा पुसत येत होते. त्यांनी पडदा पाहिला. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर पडली. मग त्यांनी धावत येऊन तिचं मनगट इतक्या जोरात ओढलं की ती खुर्चीतून पडता पडता वाचली.

“बाबा, काय झालं?”

तिच्या तळव्यावर त्यांनी लिहिलं, ‘सगळं पुसलं जाईल.’

तिने चाचपडत भिंतीवरचा खटका बंद केला. फोन अजून चालूच होता.

“काका, आधी स्क्रीनवर नेमकं काय आलं होतं ते सांगा ना,” सुशांत म्हणाले, आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं. “सॉरी ताई.”

“बाबा लिहितील, मी सांगते,” ती म्हणाली. तिने मला परत चालू केलं, तेव्हा आधीचीच पांढरी अक्षरं आली आणि बाबांनी ती तिच्या तळव्यावर लिहिली.

फाइल वाचता आली नाही, हे ऐकून सुशांत म्हणाले, “डिस्क खराब झाली असेल. गेली समजा.”

“तुम्ही बघितलीये?” तिने शांतपणे विचारलं. “मग गेली असं नका म्हणू. आधी मला सांगा, डिस्क काढून कशी ठेवायची.”

त्यानंतरचं मला स्वतःला आठवत नाही. डिस्कच काढल्यावर आठवणार कशाने? नंतर ती मैत्रिणीला सांगत होती, तेव्हा कळलं. तिने बोटांनी चाचपून माझा डबा उघडला, डिस्कच्या वायरी सोडवल्या आणि डिस्क बाबांच्या मांडीवर दिली. मग डिस्कशिवायच मला पेनड्राइव्हवरून सुरू केलं. बाबांनी तळव्यावर लिहिलं, ‘तेच. वाचता आली नाही.’

आणि ती हसली. डिस्क तर बाबांच्या मांडीवर होती. तरी तीच तक्रार येत होती, म्हणजे दोष डिस्कचा नव्हता. “ताई, तुम्ही तर इंजिनिअर निघालात,” सुशांत फोनवर म्हणाले. मेमरीच्या पट्टीवर मळ बसला तरी अशी तक्रार येते, असं ते म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं तशी तिने माझी ती पट्टी उपसून पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. खोडरबर काळं झालं, असं बाबांनी लिहिलं. पट्टी परत बसवली तेव्हा तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी सुशांत स्वतः आले. आधी त्यांनी श्रीरामरावांचं सगळं वाचन दोन वेगळ्या डिस्कवर उतरवलं आणि मगच माझ्यात नवी सिस्टिम घातली. मी पुन्हा बोलू लागलो.

ते गेल्यावर इरावती डोळे मिटून पडली. आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच श्रीरामराव माझ्यासमोर बसले. माझ्या मोठ्या कळांवर एका बोटाने त्यांनी खूप वेळ काहीतरी शोधत टाइप केलं. मी ते वाचलं, “इरा, पंखा जरा कमी कर. मला कधीची थंडी वाजतेय.”

ती उठून बसली. तिने पंखा कमी केला आणि परत येऊन विचारलं, “अजून काय, बाबा?”

त्यांनी पुन्हा कळा शोधायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. कळेवर कुणाचंही बोट टेकलं की मला ती दुपार आठवते. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्या पोटात कुणाचा आवाज आहे, ते एकदा बघा आणि आजच त्याची कॉपी करा.