लेकीसाठी नाही

कपाच्या कडेला ते पडलेलं. नखाएवढं, काळं, चौकोनी बटण, वरचं अक्षर झिजून झिजून नुसती पांढरट सावली उरलेली. तिने ते बोटाच्या टोकावर उचलून उजेडात धरलं आणि तिला हसूच आलं. समोर लेकीचा जुना लॅपटॉप बोळकं पसरून बसला होता.

“आई, त्याने आता मान टाकलीय,” लेक म्हणाली. “नवा घे. पण कॉलेज सुरू झाल्यावर. कुठला लागतो ते तिथेच सांगतील.”

“आणि पहिल्या दिवशी काय पाटी घेऊन जाईल तुझी आई?” नवरा दुधावरची नजर न काढता म्हणाला. “आजच घे गं. शुभस्य शीघ्रम.”

“पहिली परीक्षा तर होऊ दे,” ती म्हणाली आणि केसांना पिन लावायला आत गेली.

आत, कोपऱ्यात, व्यायामाची सायकल उभी होती. केवढ्या हौसेने आणलेली ती! चार दिवस घाम गाळला, पाचव्या दिवशी हँडलवर ओला टॉवेल पडला, आणि तेव्हापासून ती टॉवेलांचीच झाली. कुणी कधी एका शब्दाने बोललं नाही... तेच तर वाईट. उद्या लॅपटॉपही असाच पडून राहिला तर? सत्तेचाळिसाव्या वर्षी भूगोल शिकायला निघालेली बाई, कोवळ्या पोरापोरींत जाऊन बसणार, आणि झेपलं नाही म्हणून घरी परत... मग तो रोज टेबलावर दिसणार, झाकण मिटून, शहाण्यासारखा गप्प. एकदा सोडलंय मी कॉलेज. बाबा अंथरुणाला खिळले, मग नोकरी, मग लग्न, मग ही चिमुरडी, आता माझ्यापेक्षा उंच झालेली. सुटले नाहीत ते फक्त नकाशे. अजूनही कुठल्या गावाला जायचं म्हटलं की आधी मी तिथली नदी कुठे वळते ते बघते, गाव मागाहून.

ती मोटार शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायची, आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक असायचा, वेळप्रसंगी दाबायला. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक तिला ब्रेकबाई म्हणायचा. हे नाव तिला आवडायचंसुद्धा. इतकी वर्षं तो पाय कसा सदैव अधांतरी, जागा, टपून... झोपेतही कधी कधी नवऱ्याला लाथ बसायची.

आज पहिली शिकवणी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. वयाने हिच्याहून मोठ्या, हसऱ्या, हात एकदम स्थिर. पण रोज लोकांच्या जबड्यात बेधडक हात घालणाऱ्या या बाई, मोठा चौक आला की त्यांचीच दातखीळ बसायची. आजही चौकाच्या तोंडाशी गाडी थांबली ती थांबलीच. गोल चक्कराभोवती गाड्या एकामागून एक वळत होत्या, मागून हॉर्न वाजायला लागले.

“मॅडम, जरा रस्ता मोकळा होऊ दे, मग जाते.”

“डॉक्टर, हा रस्ता मोकळा होतच नाही कधी. फट दिसली की शिरायचं. चुकलात तर मी आहे ना!”

“नक्की?”

“आत्ता. जा!”

आणि गाडी गेली! हिसका देत, गुरगुरत, पण गेली. वळण घेतलं, बाहेर पडायचा रस्ता डोळ्यांदेखत निघून गेला, डॉक्टरीणबाई ओरडल्या, “अहो चुकला!” “चुकू दे, परत फेरी मारा,” आणि मग पुन्हा तोच चौक, पुन्हा तीच फेरी, बाई लहान मुलीसारख्या खिदळत होत्या, “अजून एक मारू?” “मारा!”... आणि त्या फेरीतच कधीतरी तिचं लक्ष खाली गेलं. आपले दोन्ही पाय चटईवर सपाट टेकलेले. जणू कुणा दुसऱ्याचेच.

होऊ दे. रस्ता मोकळा होऊ दे, परीक्षा होऊ दे... सकाळी आपण म्हणालो ते याच सुरात की. तिला लाज वाटायला हवी होती, पण पोटातून गुदगुल्या होत होत्या.

दुपारच्या सुट्टीत ती दुकानात शिरली. इथे ती आधीही यायची आणि ‘लेकीसाठी बघतेय’ असं सांगून सगळ्या लॅपटॉपांवरून हात फिरवून जायची. विक्रीवरच्या मुलीने ओळखलं. “काय काकू, ठरलं का लेकीचं?”

“लेकीसाठी नाही.” आवाज नको तेवढा मोठा लागला, पलीकडे प्रिंटर बघणारा गृहस्थ वळला. वळू दे. “माझ्यासाठी. मीच चाललेय कॉलेजला.”

“अय्या! कुठला विषय?”

“भूगोल. कॉम्प्युटरवर नकाशे काढायचेत.”

“मग तुम्ही हात ठेवलाय तो नको, त्याचा पडदा बारका. हा बघा.” मुलीने नकाशा उघडून दिला. तिने दोन बोटं टेकवून हळूच फाकवली, आणि एक दोरा होता त्याची नदी झाली, नदीला काठ आले, काठाला शेतं, आणि एके ठिकाणी पाण्याने आपली जुनी वाट टाकून दिलेली, ती वाट चंद्रकोरीसारखी तशीच बाजूला राहिलेली... अगं बाई, तू इथून वळलीस होय!

“छान आहे ना? आज बांधून देऊ, की कॉलेज सुरू झाल्यावर नेताय?”

आज? सोमवारी, कॉलेज उघडल्यावर? तिथले सर सांगतील तेव्हा? सकाळी हाच प्रश्न नकोसा झाला होता, आणि आता तो हातात घेऊन खेळवावासा वाटत होता. तिने लॅपटॉप मिटला, दोन्ही हातांवर तोलून पाहिला. खांद्यावर घेऊन जिने चढायचे. वर्गात पाऊल टाकलं की पोरं प्राध्यापक आल्या समजून खडबडून उभी राहतील, आणि मी म्हणेन, बसा रे, मलाही बसायचंय... पहिला बाक नको, फार डोळ्यांवर येतं. शेवटचाही नको, फळा दिसायचा नाही. खिडकीजवळचा, मधला. शेजारी कुणीतरी बडबडी मुलगी असावी. नसली तर मी आहेच.

“काकू? कधी म्हणालात?”

तिने ऐकलं, पण मनाने ती केव्हाच वर्गात पोचली होती. बाकावर अंमळ सरकून ती शेजारणीला जागा करून देत होती.