काटा त्याच्या बाजूला

“थांबव. शंभरावर गेला काटा,” नवरा म्हणाला.

“अहो, वळण तरी संपू द्या.”

“गिअरबॉक्स जळाला की सगळंच संपेल. घे बाजूला.”

बाईनं पुटपुटत पिकअप कडेला घेतली, दांडा न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक ओढला. इंजिन मात्र चालूच ठेवलं. तेल फिरत राहिलं तरच निवतं, हे तिला नवऱ्यानंच शिकवलेलं. मागं हौद्यात फरशांची खोकी काठोकाठ होती आणि वर बांधकामावर मुकादम तिच्या नावानं खडे फोडत असणार होता.

गाडी जुनीपुराणी, त्यात ऑटोमॅटिक. क्लच नाही म्हणून लोक तिला आरामाची समजतात. चढावर ओझं ओढताना तिच्या पोटातलं तेल कसं उकळतं, ते मालकालाच ठाऊक. पहिला गिअरबॉक्स याच चढावर करपला. तेव्हा नवऱ्यानं तेलाचं तापमान दाखवणारा काटा बसवून घेतला, तोही डॅशबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. कारण तेव्हा गाडी तो चालवायचा आणि शेजारी बसून काट्यावर डोळा ठेवायची ती. पुढं लकव्यानं त्याची डावी बाजू गेली. जागा बदलल्या. काटा होता तिथंच राहिला, आता नवऱ्याच्या समोर.

माणूस अर्धा लुळा पडला की जग त्याच्याशी बोलायचं बंद करतं आणि त्याच्याविषयी बोलायला लागतं. “जेवतात का?” “झोप लागते का?” तो समोर बसलेला असतो आणि विचारतात बायकोला, जणू घरात मांजर पाळलंय. सख्खा भाऊसुद्धा दारातूनच चौकशी करून सटकायचा. आणि बाई तरी काय वेगळी होती? उगाच तिची देवी करायला नको. लकव्यानंतर त्याचे शब्द अडखळत यायचे. घरात तिला धीर नसायचा. तो “मला जरा...” एवढं म्हणेपर्यंत ती “पाणी हवंय,” म्हणून पेला पुढं करायची. कधी त्याला पाणी हवं असायचं, कधी नसायचं. तो प्यायचा.

इथं वळणावर मात्र तेल निवेपर्यंत हात रिकामे. मग तो बोलायचा. शेजारच्या टेलरनं स्वतःचीच पँट आखूड कशी शिवली, ते सांगायला त्याला इतका वेळ लागायचा की शेवट येईस्तोवर तेल गार व्हायचं. ती स्टेअरिंगवर हनुवटी टेकून ऐकायची. हसायचीही. आणि गाडी पुढं काढताना “झाला ना उशीर!” म्हणायची.

शेवटी फरशीच्या दुकानदारानं दम भरला. “तुझी गाडी चढावर झोपा काढते का गं? उद्यापासून दुसऱ्याला माल देतो.”

ती तडक मिस्त्रीकडं गेली. नवरा गाडीतच बसून होता. मिस्त्री म्हणाला, “बझर लावून देतो, वहिनी. एकशेवीसला बोंबलेल. तोवर खुशाल चालवा.”

“एकशेवीस? हे तर शंभरालाच थांबवतात.”

“शंभराला?” मिस्त्री हसला. “शंभराला काय होतंय! दादा, तुम्ही तर उस्ताद माणूस.”

बाई फिरली. “ऐकलंत? सगळं आयुष्य गाडीखाली गेलं तुमचं आणि एवढं माहीत नाही? आजारपणानं पार भित्रे झालात तुम्ही. उद्यापासून घरी बसा. बझर निदान मुकाट्यानं तरी बसेल.”

मिस्त्रीनं मान खाली घालून उगाच पाना शोधला. नवरा एवढंच म्हणाला, “गाडी जुनी आहे.”

बझर बसला. नवरा घरी बसला. बाईच्या फेऱ्या वेळेवर पोचू लागल्या आणि दुकानदार चक्क गोड बोलायला लागला.

मग एकदा त्याच वळणावर पुढं एक ट्रक आडवा झाला. थांबल्या थांबल्या ती वाकून काट्याकडं बघायला गेली. नव्वदच्याही खाली. ओझं तेच, चढ तोच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाकून पाहिलं, तरी तेवढाच. तिला वाटलं, काटा बिघडला. मिस्त्रीनं सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला. काटा सरसर चढला आणि बरोब्बर शंभरावर ठरला.

“काटा खोटं बोलत नाही, वहिनी.”

म्हणजे कोण बोलत होतं, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. ती तणतणत घरी आली. नवरा खिडकीपाशी बसला होता.

“त्या वळणावर कधी शंभर होतच नाही. मला खोटं सांगून का थांबवत होतात?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले. “मला... तुझ्या...” शब्द कुठंतरी अडकला.

“भीती वाटायची, असंच ना?” ती म्हणाली.

त्याचं तोंड मिटलं. मग मान हलली. “असंच.”

ती स्वयंपाकाला लागली. पातेलं चुलीवर ठेवलं आणि हात तिथंच थांबला. “तुझ्या” म्हणाला होता तो. भीतीच्या वाक्यात “तुझ्या” कुठून येतं? आणि तिला एकदम कळलं, की गेल्या कित्येक महिन्यांत त्याचं एकही वाक्य तिनं घरात पुरं होऊ दिलं नव्हतं. जी काही पुरी झाली, ती त्या वळणावर. तेवढ्यासाठी त्या माणसाला तिला गिअरबॉक्सची भीती घालावी लागत होती.

सकाळी ती म्हणाली, “चला, गाडीत बसा.”

“बझर आहे की.”

“असू दे. तुम्ही चला.”

तो आला. वाटभर बाहेर बघत राहिला, काट्याकडं एकदाही नाही. वळणावर तिनं गाडी कडेला घेतली आणि यावेळी इंजिनही बंद केलं. फरशा, मुकादम, दुकानदार, सगळे गेले खड्ड्यात.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. गाडी ठीक आहे.” तिनं हात मांडीवर ठेवले. “काल तुम्ही काही सांगत होतात. मी मध्येच बोलले. आता सांगा. मी थांबते. कितीही वेळ लागू दे.”

तो पुढच्या काचेतून रस्त्याकडं बघत बसला. एक टेम्पो कण्हत वर गेला. ती एक शब्द बोलली नाही.

“विसरलो,” तो म्हणाला.

शब्द अगदी स्वच्छ आला, कुठंही न अडखळता.