एकोणतीस पांढरे खडे

मी पुठ्ठ्याचा एक तक्ता बोलतोय, आणि माझ्या अंगावर जे चिकटवलंय त्यातलं बहुतेक खोटं आहे. हे पाप माझं नाही. पण उद्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर मलाच उंच धरतील, म्हणून आज बोलून टाकतो.

माझा जन्म साडीच्या खोक्यातला. सुरतेत अशी खोकी ढिगाने पडलेली असतात. तिथल्याच उधना भागातल्या संडे स्कूलच्या धनश्रीताईंनी एका खोक्याचं झाकण कापलं, पट्टी धरून पस्तीस चौकोन आखले आणि मेच्या पहिल्या रविवारी मला निशाच्या हातात दिलं. "पाच आठवडे वर्ग बंद, पण देवाला सुट्टी नाही," ताई म्हणाल्या. रोज संध्याकाळी घरी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्याने वाचायचा, प्रार्थना करायची आणि मग घरातल्या मोठ्या माणसाने एका चौकोनात सही करायची. ज्याचे सगळे चौकोन भरतील त्याला स्टीलची पाण्याची बाटली.

बाटली! तिथेच माझं डोकं फिरलं. देवाचं नाव घ्यायला आमिष कशाला लागतं? पण पुठ्ठ्याला कोण विचारतो.

निशा सातवी पास झालेली. तिची आई सरलाबाई धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. तिला वाचता येत नाही. चर्चमधला उपदेश गुजरातीत, तो तिला निम्माच कळतो. त्यामुळे निशा मराठीत वाचून दाखवायला लागली तेव्हा बाईचे हात साडीवर आणि कान सगळे लेकीकडे. पहिल्या संध्याकाळी आमेन म्हणून झालं आणि सहीची वेळ आली. अंगठा उठवायची तिला लाज वाटली. तिने समोरच्या साडीचा एक लाल खडा उचलला, गमाचा ठिपका लावला आणि माझ्या पहिल्या चौकोनात बसवला.

"ही मनी सही," म्हणजे माझी सही, असं म्हणाली आणि हसली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

असे सहा लाल खडे बसले. सातव्या दिवशी गोष्ट आली ती भावांनी विहिरीत टाकलेल्या पोराची. सरलाबाईचा हात थांबला. पोरगा विहिरीत पडला आणि इकडे निशाचा मोबाईल वाजला. ती उठली ती उठलीच. अध्याय अर्धा राहिला म्हणून आईने खडा लावला नाही. इतकी ती चोख.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "निशी, तो पोऱ्या विहीरमाईन निंघना का वं?"

"पछी, मम्मी, पछी."

मग ते 'पछी', म्हणजे 'नंतर', रोजचंच झालं. कधी 'कल पक्का'. पलंगावर लोळून मोबाईलवर तासन्‌तास नाच बघायला वेळ, आणि आईला दहा मिनिटं नाहीत! शास्त्र टीव्हीच्या मागे गेलं. मला मात्र काम मिळालं. लाइट गेली की माझा पंखा करून निशा वारा घ्यायची. देवाच्या कामासाठी आखलेला मी, आणि घाम वाळवत होतो. संताप संताप झाला माझा.

आईकडे येणाऱ्या साड्या बदलत गेल्या. लाल खडे संपले, हिरवे आले, निळे आले. काल पांढऱ्यांचा गठ्ठा आला. आज दुपारी आई तयार साड्या पोचवायला गेली, तेवढ्यात या पोरीला बाटली आठवली. गमाची डबी उघडून तिने उरलेल्या एकोणतीस चौकोनांत धडाधड पांढरे खडे बसवले. ना वाचन, ना प्रार्थना. आईची सही तिने आईच्याच खड्यांनी चोरली.

सरलाबाई परत आली. मला उचलून उजेडात धरलं. तिच्या लेखी खडे हेच कॅलेंडर.

"ह्या पांढरा खडा तं कालच उनात ना वं?"

निशाने गमाने चिकट झालेली बोटं पाठीमागे लपवली. आता एक थोबाडीत बसणार असं मला वाटलं, खरं सांगतो, बसावी असंही वाटलं. पण आई खाली बसली, साडी मांडीवर ओढली आणि हळूच म्हणाली, "बरं, त्या पोऱ्यानं काय व्हयनं, येवढं तरी सांग."

 निशाने स्वतःच पुढचं वाचलं नव्हतं.

आता मी गमाच्या डबीशेजारी पडून आहे. निशा, उद्या मला नेऊ नकोस. नेलंस तर नखाने हे एकोणतीस खडे आधी खरवडून काढ. माझं अंग फाटेल, फाटू दे. बाटली दुसऱ्या कुणाला मिळू दे. पण आत्ता, दिवस मावळायच्या आत, टीव्हीमागचं शास्त्र काढ आणि त्या पोराला विहिरीतून बाहेर काढ. तुझी आई महिनाभर काठावर उभी आहे.