वाकडा ठिपका

कमळाला कशाबद्दलही मत नाही असं कधी होत नसे, आणि 'चित्रमंजूषे'च्या बाबतीत तर ती कुणाचं ऐकूनच घेत नसे. महिन्याला मुंबईहून आगबोटीने अंक यायचा. बोटीवरचा खलाशी लवू तो पडावातून उतरतानाच डोक्यावर धरून हलवायचा आणि पेठकिल्ल्याच्या बाया हातातली कामं टाकून कमळाच्या सासऱ्यांच्या, धोंडू तांडेलांच्या पडवीत जमायच्या. वाचायच्या शेजारच्या आनंदीबाई, कारण त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच कमळा चित्रांवरून नजर फिरवून निकाल देऊन मोकळी व्हायची.

"ह्या खेपेचा राक्षस अगदीच बावळट हाय. ह्याला घाबरून राजा पळाला? राजाच नेभळा म्हणायचा." नाहीतर, "वज्रबाहू पावसाळ्यापासनं त्या भुयारात बसलाय. त्याला कोण जेवायला घालतंय की नाय? आनंदीबाई, बगा लिवलंय काय."

आनंदीबाई चाळून पाहायच्या. तसं काही लिहिलेलं नसायचं. "बगा!" म्हणून कमळा पदर सावरून बसायची, जणू काही मासिकाच्या मालकालाच तिने पडवीत उभं केलं होतं.

तिला अक्षर येत नव्हतं. येत होतं ते चित्र, आणि त्याला कारण होतं. वज्रबाहू राजपुत्र, त्याची शशिप्रभा, ते भुयार, ती गलबतं, सगळी चित्रं तिचा नवरा विठू काढायचा. तांडेलाचा मुलगा आणि समुद्रात पाऊल टाकलं की ओकाऱ्या. बापाने दोन पावसाळे वाट पाहिली, मग कपाळाला हात लावला आणि पोराला गणपतीच्या कारखान्यात घातलं. तिथे विठूच्या हाताला दैवी गुण निघाला. मूर्ती कुणी का करेना, डोळ्यांची आखणी विठूने करायची. त्याने बुबुळ टेकवलं की माती बघायला लागायची. पुढे कुणीतरी त्याला मुंबईच्या छापखान्यात नेलं आणि तिथे तो छपाईच्या दगडावर चित्रं काढायला लागला. बोट लागायची म्हणून तो वर्षातून एकदाच, गणपतीला, घरी यायचा आणि उतरल्यावर दिवसभर नुसता पेजेवर असायचा.

बाकीचं वर्ष पत्रं. पत्र मामंजींच्या नावाने यायचं आणि मामंजी ते ओटीवर उभं राहून, गलबतावर हुकूम सोडल्यासारखं मोठ्याने वाचायचे. 'सर्व खुशाल. कामाचा रगाडा आहे. भात झोडून झाले असेल.' अशा पत्रात नवरा बायकोला काय सांगणार? आणि बायको तरी मामंजींच्या हातून काय लिहवणार?

म्हणून त्या दोघांचं बोलणं चित्रातून चाले. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कमळाचं माहेर आरे गावचं. लहान असताना दारावर गोंदणारीण आली आणि आईने तिला धरून हनुवटीवर तीन ठिपके गोंदवून घेतले. "रडू नको गो बाये," गोंदणारीण म्हणाली होती, "मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच." हे ऐकून कमळाने जो हिसका दिला, त्यात शेवटचा ठिपका खाली घसरला. तो जन्माचा वाकडा राहिला. आणि शशिप्रभा ज्या अंकात पहिल्यांदा समुद्रातून वर आली, त्या अंकात तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. शेवटचा वाकडा.

राजाच्या मुलीला कसलं आलंय गोंदण? पण बायांच्या ते ध्यानात आलं नाही. कमळा मात्र त्या दिवशी मत द्यायची विसरली. गणपतीला विठू आला तेव्हा तिने हळूच त्याच्यापुढे अंक धरला आणि हनुवटीवर बोट ठेवलं. तो हसला. "दगडावर सगळं उलटं काढावं लागतं," एवढंच म्हणाला, "छापल्यावर तुझा ठिपका तुझ्याच बाजूला यावा म्हणून लई डोकं चालवावं लागतं." त्यावर पुढे ती दोघं काही बोलली नाहीत. बोलायची गरज राहिली नव्हती. महिन्याच्या महिन्याला अंक यायचा, ती ठिपका बघायची, आणि मुंबईत आपली आठवण आहे हे तिला कळायचं.

दिवाळीच्या अंकात ठिपके नव्हते.

ठिपकेच काय, चेहराच वेगळा होता. कोरलेल्या भुवया, गोल डोळे, गालाला खळी. आनंदीबाईंना तो फार आवडला. "आता कशी राजकन्या शोभते! आधी जरा आपल्यातलीच वाटायची." बाया हसल्या. कमळाने अंक उजेडात नेला. दुसऱ्या कुणी चित्र काढलं असतं तर ती काळजीत पडली असती, विठू आजारी आहे की काय म्हणून. पण ते डोळे त्याचेच होते. तो बुबुळ ज्या मायेने टेकवायचा, त्याच मायेने टेकवलेले, आणि दुसऱ्या बाईच्या तोंडावर. हेच तिच्या काळजात घुसलं.

"कसा काय अंक?" कुणीतरी विचारलं.

"घाणेरडा," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढच्या अंकातही तीच बाई. त्याच्या पुढच्यातही तीच, आणि तिथे तर वज्रबाहू तिचा हात धरून गलबताच्या टोकाशी उभा. कमळाने चित्रांकडे बघणंच सोडलं. आनंदीबाई वाचायच्या तेव्हा ती सुपारी कातरत बसायची. मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या गोष्टी पडवीत होत असत. कुणाचा कोण तिकडे घर करून बसला, कुणाचं येणं बंद झालं. पूर्वी ती त्या चवीने ऐकायची. आता तिला वाटे, आपण उठून गेलो की बाया आपलंच बोलत असतील. माणूस दुसरीला घेऊन राहतो, ठीक आहे. पण तिचा चेहरा छापून महिन्याला बायकोच्या घरी पाठवायचा? हा कसला निर्लज्जपणा!

शिमग्याच्या तोंडावर लवू आला तो खुशीत. मामंजी बाजारात गेलेले. "वयनी," तो म्हणाला, "दादाने खोली घेतलीय. लहानशी हाय, पण चूल हाय, खिडकी हाय. शिमगा झाला की तिला घेऊन ये म्हणालाय. बोट लागते म्हणून स्वतः येत नाय, नायतर धावत आला असता."

लग्न झाल्यापासून ती ज्या निरोपाची वाट बघत होती, तो हा निरोप. पण तो उशिरा, त्या चेहऱ्यामागून आला.

"त्यांना सांग," कमळा म्हणाली, "जिला रोज काढता, तिलाच ठेवा म्हणावं खोलीत. मी नाय येत."

लवूचं तोंड उतरलं. "असं कसं सांगू?"

"बोललेय तसंच सांग. एक शब्द गाळलास तर बघ."

लवू सरळ माणूस. त्याने एकही शब्द गाळला नाही. मामंजींना तिने सांगितलं की कंबर धरलीय, बोटीचा प्रवास झेपायचा नाही. पुढच्या खेपेला लवूने आपण होऊन सांगितलं, की दादाने ऐकून घेतलं आणि महिना भरताच खोली सोडली. आता पुन्हा छापखान्याच्या माणसांबरोबर राहतो. खोकतो फार. कमळा म्हणाली, "बरं." त्या दिवशी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं.

वैशाखात गावात सिनेमाचा तंबू आला. पडद्यावरची माणसं मुकीच, पण बाजूला पेटी-तबला आणि छडी घेऊन गोष्ट सांगणारा एक माणूस. खेळ कुठला? तर वज्रबाहूचा! सगळा पेठकिल्ला लोटला. बाया कमळाला ओढूनच घेऊन गेल्या. तुझ्या नवऱ्याची गोष्ट, आणि तू नाही म्हणतेस?

बघायला बसल्यावर तिचा मूळ स्वभाव उसळून वर आला. वज्रबाहूचं पोट सुटलेलं होतं. भुयार कापडाचं होतं आणि कुणी धावलं की हलायचं. गलबत तर होडीएवढं. "ह्यातनं काय राजपुत्र सिंहलद्वीपाला जातो? भाट्याच्या खाडीत बुडेल," ती म्हणाली, तशा आजूबाजूच्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. ती स्वतःही हसली, कित्येक महिन्यांनी.

मग पडद्यावर शशिप्रभा आली. कोरलेल्या भुवया, गोल डोळे, गालाला खळी.

कमळाचं हसू तिथेच थिजलं. आनंदीबाईंच्या हातात तंबूच्या दारात वाटलेला जाहिरातीचा कागद होता. "ही बाई कोण?" तिने विचारलं. आनंदीबाईंनी कंदिलाकडे कागद तिरपा धरून वाचलं, की ही मुंबईची प्रसिद्ध नटी, आणि प्रेक्षकांची ओळख पक्की व्हावी म्हणून चित्रमंजूषेच्या मालकांनी दिवाळी अंकापासून शशिप्रभेची सर्व चित्रे या नटीच्या फोटोवरून काढवून घेतली आहेत. "म्हणजे गो, मालकाचा हुकूम," आनंदीबाई म्हणाल्या. "तुझ्या विठूला तं हिने उंबऱ्यात उभं केलं नसतं."

ती उरलेला खेळ बघायला थांबली नाही. घरी येऊन तिने अंकांचा गठ्ठा काढला आणि दिवाळीचा अंक समोर घेतला. आता चेहरा सोडून बाकी चित्र बघितलं. राजवाड्याच्या दारावर, कोपऱ्यात, तीन ठिपके. शेवटचा वाकडा. पुढच्या अंकात पाण्याच्या घागरीवर. त्याच्या पुढच्यात, जिथे तो हात धरून उभा होता, तिथे गलबताच्या नाळेवर, अगदी पुढे. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, एकही अंक त्याने चुकवला नव्हता. चेहरा मालकाने काढून घेतला तेव्हा त्याने तिला घरात, दारात, पाण्यात, जिथे जागा मिळेल तिथे ठेवलं होतं. सगळ्या चित्रावर मत देणारी कमळा सहा महिने एका तोंडाकडे बघत बसली होती.

मग तिने वैशाखाचा, नुकताच आलेला अंक उघडला. दार पाहिलं, घागर पाहिली, शिडं, झाडं, घोड्यांची खोगिरं, पानांचे कोपरे. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. कुठेच नव्हते. तिचा निरोप पोचला होता.

सकाळी तिने मामंजींना विचारलं, "मी मुंबईस जाऊ?"

"आता?" मामंजी तिच्याकडे बघतच राहिले. "बोटी बंद व्हायला आल्या, पेरणी तोंडावर, आणि त्याने खोली सोडली. गणपतीला येईल तेव्हा जा त्याच्याबरोबर." यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून तिने पत्र घालायला लावलं. सर्व खुशाल, गणपतीला जरूर येणे, प्रकृतीस जपणे. मामंजी सही करून दौत बंद करणार, एवढ्यात तिने शाईत बोट बुडवलं आणि कागदाच्या तळाला तीन ठिपके टेकवले. शेवटचा वाकडा.

"हे काय?" मामंजी ओरडले. "कागद नासलास!"

"चुकून लागलं," ती म्हणाली.

शेवटच्या बोटीने लवूने ते पत्र नेलं. मग समुद्र बंद झाला. पावसाळ्यात टपाल घाटावरून फिरून यायचं, पण अंक मात्र लवूच्याच हातून यायचे, म्हणजे नारळी पुनवेपर्यंत तेही बंद. विठूचं एक पत्र आलं. मामंजींनी ओटीवरून हुकूम सोडल्यासारखं वाचलं. 'पत्र पावले. कामाचा रगाडा आहे. थोडा खोकला आहे. सर्व खुशाल.' बाकी काही नाही. तिने मामंजींचं लक्ष नसताना कागद उलटसुलट करून पाहिला, कोरा होता. ती मनाशी म्हणाली, रागावलाय. गणपतीला आला की पाय धरीन.

आषाढात लवूने कुणाकडून तरी लिहवलेलं कार्ड आलं. विठू तापाने गेला होता. क्रियाकर्म तिथेच उरकलं होतं, कारण बोट बंद होती. धोंडू तांडेलांनी ते कार्डही मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज गेला. उरलेलं आनंदीबाईंनी वाचलं.

मग जे व्हायचं ते झालं. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, गळ्यातलं गेलं. बायांनी तिला विहिरीवर नेऊन तोंड धुवायला लावलं. धुऊन निघालं नाही ते एवढंच, हनुवटीवरचं.

नारळी पुनव झाली आणि पहिल्या बोटीने लवू आला. ह्या खेपेला त्याने काही हलवून दाखवलं नाही. विठूची पत्र्याची पेटी त्याने पडवीत ठेवली आणि वर दोरीने बांधलेले पावसाळ्याचे अंक ठेवले. "बोट असती तं तेव्हाच आणले असते," तो म्हणाला आणि उंबऱ्याशी बसून रडला. "ह्यो ज्येष्ठाचा, त्याच्या हातचा शेवटचा. ह्याच्यापायी मालकाने त्याला लई बोल लावले. सांगितलेलं चित्र सोडून भलतंच काढलंस म्हणून. मी विचारलं, तं नुसता हसला. वयनीला ने, म्हणाला."

आनंदीबाईंनी अंक उघडला. वाचू की नको हे त्यांना कळेना. कमळाने तो त्यांच्या हातून घेतला.

वज्रबाहू पुन्हा एकदा भुयारातून सुटला होता. किनाऱ्यावर शशिप्रभा त्याची वाट बघत उभी होती. कोरलेल्या भुवया नव्हत्या, खळी नव्हती. नाक जरा बसकं, कपाळ लहान, आणि हनुवटीवर तीन ठिपके, शेवटचा वाकडा, तिच्याच बाजूला. तिच्या पत्राचं उत्तर त्याने ज्येष्ठातच दिलं होतं. तो जिवंत होता तेव्हा ते छापून, शिवून तयार होतं.

बाया अंकावर वाकल्या. सवयीने आनंदीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "कसा हाय गो अंक?"

कमळाने हनुवटीला हात लावला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "उशिरा आला."